जतन होऊन राहिलं

इंदूताई बिसेन खुर्चीवर बसून काम करताना मी कधी पाहिल्या नाहीत. गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तिथे विद्यार्थ्यांसाठी खुर्च्या होत्या, पालकांसाठी बाक होतं आणि ताईंचा स्वतःचा संगणक मात्र भिंतीतल्या फडताळावर, छातीच्या उंचीला मांडलेला होता. त्याच्यासमोर उभं राहून त्या टाइप करायच्या. एक वाक्य झालं की खोलीत एक फेरी. फेरीत पंख्याचं बटण फिरवायचं, कोणा पोराच्या पाठीत बोट खुपसून त्याला ताठ करायचं, दाराबाहेर डोकावून आडव्या लावलेल्या ऑटोवर खेकसायचं आणि परत येऊन पुढचं वाक्य. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने बाकावर टेकलो. ताई म्हणाल्या, "बसता काऊन जी? बसलेला मानूस उद्या म्हनते. उभे राहा, आत्ता होते काम."

'काऊन' म्हणजे 'का' हे मला संदर्भाने कळलं. पुढे तो शब्द इतक्या वेळा ऐकला की झोपेतही ऐकू यायचा. ताईंचं प्रत्येक काम या एका प्रश्नाने सुरू होई आणि बहुतेक वेळा समोरच्याचं काम त्या प्रश्नाने बंद पडे.

मी मूळचा संगमनेरकडचा. सरकारी नोकरीत बदली होऊन गोंदियाला आलो, ते साल दोन हजार दहाच्या आसपासचं. बदली झाल्यावर माणूस चिडतो तसा मीही चिडलेला होतो. निम्मं शहर हिंदीत बोलायचं आणि खेड्यातून येणारी माणसं मला अर्धवट कळणाऱ्या मराठीत. त्यात मला ऱ्हस्व-दीर्घाची वाईट खोड. दुकानांवरच्या पाट्या मनातल्या मनात दुरुस्त करत रस्त्याने चालणारा मी माणूस. ही खोड कुठेतरी सत्कारणी लागावी म्हणून मी आधीपासून 'पाटी' नावाच्या प्रकल्पात मुद्रितशोधनाचं काम करत होतो, आणि त्या पाटीमुळेच ताईंची गाठ पडली.

पाटी म्हणजे संगणकावर मराठी लिहायचं सॉफ्टवेअर. ते फुकट तर होतंच, पण त्याची आतली सगळी रचनाही उघडी होती. ज्याला समजेल त्याने ती वाचावी, दुरुस्त करावी, पुढच्याला द्यावी. त्याला मालक नाही आणि राबणाऱ्यांना पगार नाही. राज्यभर विखुरलेली आम्ही काही हौशी माणसं ईमेलवर एकमेकांशी भांडत ते चालवायचो. पुण्याचा अनिकेत आमचा समन्वयक. वयाने तरुण, पण ईमेल लिहायचा ते एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखं. माझी गोंदियाला बदली झाल्याचं मी कळवलं, तर त्याचं उत्तर आलं, "उत्तम. तिथे आपल्या इंदूताई आहेत. त्यांना जरूर भेटा, मात्र घाईच्या वेळी जाऊ नका." ताईंच्या आयुष्यात बिनघाईची वेळच नव्हती, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसावं.

ताईंचं माहेर दवनीवाड्याचं. घरात पोवारी, गावात झाडीबोली, बाजारात हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा चार भाषा त्या एकाच वाक्यात फिरवायच्या. टाइपरायटर शिकून त्यांनी क्लास काढला आणि नव्व्याण्णव साली, आजूबाजूचे क्लास अजून खडखडत होते तेव्हा, कुणाचं न ऐकता पहिला संगणक आणून ठेवला. नवरा शाळेत शिक्षक. बिसेन सर कमालीचे शांत. व्हरांड्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले की तासाभराने त्याच पानावर सापडायचे. ताई म्हणायच्या, "आमच्या घरचं बसाचं काम सराईकडे हाय. मी वरचं पाहून राहिली."

त्या वर्षी पाटीच्या संकेतस्थळाचं नूतनीकरण करायचं ठरलं. गरज होतीच. हिरव्या रंगावर लाल अक्षरं, कोपऱ्यात 'नवीन!' म्हणत लुकलुकणारा तारा आणि त्याच्या शेजारी कधीच शिळी झालेली बातमी. पहिल्या पानावर प्रकल्पाचा इतिहास, मग उद्दिष्टे, मग आभार. सॉफ्टवेअर उतरवून घ्यायची कळ पार तळाशी, जणू ती मागणं उद्धटपणाचं होतं. अनिकेतने नूतनीकरणाचा आराखडा केला, टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्यावर चर्चेसाठी मुदत ठेवली. चर्चा पहिल्या टप्प्यावर रंगात आली असताना ताईंनी एका दुपारी पहिलं पान सगळंच्या सगळं काढून टाकलं. त्याजागी एक मोठा पांढरा चौकोन ठेवला, वर लिहिलं 'इथं लिहून पाहा' आणि खाली एक कळ, 'जतन करा'. लिहिलेलं जतन झालं की पुन्हा केव्हाही उघडता येईल, अशी सोय त्यांनी आणि नाशिकच्या एका मुलीने मिळून बसवली होती.

अनिकेतचा फोन आला तेव्हा मी क्लासातच होतो. ताईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि फेऱ्या घालत बोलू लागल्या.

"ताई, चर्चा पूर्ण व्हायची होती," अनिकेत म्हणाला.

"होऊ द्या ना. मी कुठं थांबवली?"

"पण इतिहासाचं पान? आपण कोण आहोत, हे लोकांना कळायला नको?"

"काऊन? मानूस लिवाले आला का तुमचं लगन जुळवाले? त्याले लिवू द्या आधी. मंग इचारंल थो, कोन तुमी म्हनून."

मग अनिकेत म्हणाला, "विचारेल." ताईंनी फोन बंद केला. निरोपाचं 'ठेवते' वगैरे म्हणण्याची त्यांच्यात पद्धत नव्हती. बोलणं संपलं की फोन संपला. अनिकेत त्या दिवशी रागावला, आणि आठवड्याने त्यानेच कळवलं की पान चांगलं झालं आहे.

मुद्रितशोधनासाठी मी रोज कचेरी सुटली की क्लासात जायचो. गोंदियाची वीज जायची वेळ ठरलेली नसे, आणि गेली की ताईंच्या इन्व्हर्टरवर फक्त त्यांचा संगणक चाले. राइस मिलच्या बाजूने वाऱ्याबरोबर बारीक कोंडा यायचा आणि कीबोर्डच्या फटीत बसायचा. ताई रोज कीबोर्ड उलटा करून आपटायच्या, आणि त्या आवाजाने माझ्या हातून एखादा अनुस्वार निसटायचा. मी तक्रार केली की म्हणायच्या, "तुमचा टिंब पडला तं पडू द्या, उचलून घेऊ." घरून डब्यात लाखोरीचे वडे आले असले तर तेही उभ्यानेच. माझी चिडचिड कधी कमी झाली ते मला सांगता येणार नाही, पण सुटीच्या दिवशीही मी त्या गल्लीकडे वळू लागलो होतो.

त्यांची काम करायची रीत विचित्र होती. आम्ही बाकीचे पान लिहून एकमेकांना दाखवायचो. ताई ते दाखवायच्या टोपल्या विकणारीला, मिलच्या मुनीमाला, फी भरायला आलेल्या बापाला. माणसाला पडद्यासमोर उभं करायचं, काहीही सांगायचं नाही आणि त्याच्या हाताकडे बघायचं. हात जिथे अडला तिथे पान चुकलं, इतका साधा नियम. "त्याले काऊन समजावता?" मला दटावायच्या. "उद्या तुमी काय सगळ्यायच्या घरी समजवाले जानार हा का?"

याच रीतीने एकदा आम्ही देवरीला गेलो. तिथे बचत गटाच्या बायांना संगणक शिकवायचं काम ताईंनी अंगावर घेतलं होतं. हायवेच्या बसमध्ये जागा असूनही त्या दांडा धरून उभ्या, आणि मी शेजारी बसलेला असल्यामुळे अपराध्यासारखा. ग्रामपंचायतीच्या खोलीत एका बाईने पांढऱ्या चौकोनात आपलं नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव लिहिलं, डिंक आणि मोहफुलं किती गोळा केली ते लिहिलं आणि 'जतन करा' दाबलं. त्या काळी तिकडची लाइन इतकी संथ की जतन व्हायला चांगलाच वेळ लागे. तेवढ्यात पडद्यावर मी स्वतः तपासून दिलेलं वाक्य आलं, 'कृपया प्रतीक्षा करा'.

बाईने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि ताईंकडे वळून विचारलं, "प्रतीक्षा कोन हाय वो?"

मागून दुसरी म्हणाली, "अवो, थे ठेसनावर रायते. मोठ्या पाटीवर नाव हाय तिचं."

खोलीभर हशा पिकला. गोंदिया स्टेशनावरचं प्रतीक्षालय त्या बाईने पाहिलं होतं, एवढाच तिचा आणि त्या शब्दाचा संबंध. मीही हसलो. ताई मात्र हसल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये दांड्याला धरून त्या एकसारख्या पुटपुटत होत्या आणि गोंदिया यायच्या आत त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "प्रतीक्षा हाकलली. 'जतन होऊन राहिलं' लिवतो आपन. आमच्या बायाईले एका दमात समजते."

आता इथे थोडं व्याकरण सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. झाडीबोलीत 'जाऊन राहिलो' म्हणजे 'जात आहे'. 'जतन होऊन राहिलं' म्हणजे 'जतन होत आहे'. काम चालू आहे, अजून संपलेलं नाही. माझा कान तोवर गोंदियाचा झाला होता, मी वाक्य वाचलं आणि पुढे पाठवलं. अनिकेतनेही वाचलं. त्याच्या पुणेरी कानाला ते 'जतन झालं आणि तसंच राहिलं' असं ऐकू आलं, आणि कामानंतरची ती पोच असावी असं समजून त्यानेही मान डोलावली. आम्हा तिघांनाही वाक्य बरोबर वाटलं, आणि एकाला काय वाटतंय ते दुसऱ्याला विचारायची गरज कोणालाच पडली नाही.

नवं संकेतस्थळ सुरू झालं. लोकांनी वाखाणलं. कुठूनकुठून मेल आले, आणि ताई ते मोठ्याने वाचत क्लासात फेऱ्या घालत. मग महाडिक गुरुजींचा मेल आला.

गुरुजी साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. त्यांचं मूळ गाव धरणात गेलेलं. त्या गावातल्या शेतांची, ओढ्यांची, झऱ्यांची, एकेका आंब्याची नावं त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, तोंडपाठ होती. आक्का माहेरपणाला आल्या तेव्हा गुरुजींनी त्यांना समोर बसवून ती सगळी नावं आणि त्यांच्या कहाण्या लिहून घेतल्या, थेट आमच्या पांढऱ्या चौकोनात, कारण वर लिहिलंच होतं 'इथं लिहून पाहा'. संध्याकाळी कळ दाबली. वाक्य आलं. ते वाचून निर्धास्त मनाने त्यांनी खिडकी बंद केली. गुरुजींच्या मेलात एकही कडक शब्द नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या संकेतस्थळाने मला सांगितले की माझे लेखन जतन होऊन राहिले. ते राहिले नाही. कृपया चौकशी व्हावी.'

चौकशीत सापडण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्यावर खिडकी बंद झाली की सगळं जायचं.

ईमेलवर जे भांडण पेटलं ते मी पाहिलेल्या भांडणांत सगळ्यात वाईट. शिव्या कुणीच दिल्या नाहीत. सगळे फार शुद्ध लिहीत होते. 'बोलीभाषेचा मोह', 'प्रमाणभाषेची शिस्त', 'स्थानिक अशुद्ध प्रयोग'. अनिकेतने तोडगा मांडला की यापुढे ताईंनी लिहिलेला कोणताही मजकूर पुण्यातल्या दोघांनी मंजूर केल्याशिवाय साइटवर चढणार नाही. म्हणजे ताईंच्या हातातून साइट काढून घेतली, इतकाच त्याचा अर्थ. मी तावातावाने लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात व्याकरणाचे दाखलेही दिले. ते वाचून कुणाचंही मत बदललं नाही.

ताई त्या दिवशी फेऱ्या घालत नव्हत्या. फडताळापाशी उभ्या राहून तो 'अशुद्ध' शब्द बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, शारेत मी एकदा म्हटलं, गुरुजी, मी लिवून राहिली. गुरुजी म्हनले, लिवून राहिली तं मंग पाटी दाखव. मी म्हटलं, अजून लिवून राहिली. छडी भेटली. मले समजेच ना, काऊन भेटली." त्यांचा आवाज कापरा झाला होता आणि त्याचाच त्यांना राग आला होता. "इतके दिवस झाले. थेच्या थेच छडी हाय ही."

पुण्याच्या मंडळींचा मला मनस्वी संताप आला होता, आणि गुरुजींची बुडालेली शेतंही डोळ्यांपुढून हलत नव्हती. दोन्हींतून वाट दिसत नव्हती.

ताईंनी वाट काढली ती त्यांच्या पद्धतीने. त्याच दुपारी त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं आणि लिहिलं, 'अजून जतन झालेलं नाही. खिडकी बंद करू नका.' मग पिशवी भरू लागल्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"साताऱ्याले. मेलवर माफी मागून काय होते जी? त्याईची वावरं मी बुडवली दुसऱ्यांदा. हात घेऊन जाऊन राहिली मी, टाइप कराले."

"अहो, पण गुरुजींना विचारलंत का? आक्का तरी तिथे आहेत का?"

"रस्त्यात इचारतो."

बिसेन सर व्हरांड्यातून एवढंच म्हणाले, "स्वेटर ने." गोंदियाहून तिकडे जायचं म्हणजे राज्य या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचं. गाडी सुटल्यावर त्यांचा फोन आला की गुरुजींचा पत्ता मला मेलमध्ये शोधून पाठवा, आणि मी 'हो' म्हणायच्या आत तो बंद झाला.

तिथे काय झालं ते त्या परत आल्यावर कळलं. गुरुजींनी दारात या अनोळखी बाईला पाहून चष्मा पुसला म्हणे. आक्का मुलाकडे परत गेल्या होत्या. ताईंनी गुरुजींनाच बरोबर घेतलं आणि तिकडे जाऊन पोचल्या. आक्का ऐंशीच्या घरातल्या. "कुठनं आलीस गं?" त्यांनी विचारलं. गोंदियाहून म्हटल्यावर "ते कुठं आलं?" महाराष्ट्राच्या पार त्या टोकाला, म्हटल्यावर आक्का म्हणाल्या, "मग आधी जेव."

हे सांगताना ताईंना हसू आवरत नव्हतं. "मी जेवाले बसली. भाकर अर्धी झाली होती. म्हातारी आतून इचारते, जेवलीस का गं? मी म्हटलं, जेवून राहिली ना जी. म्हातारी बाहेर आली आन् माह्यासमोरचं ताट उचलून घेऊन गेली!"

"मग?"

"मंग काय? हात तसाच हवेत. तवा समजलं मले, भाऊ. गुरुजीचं काय झालं असंल, थे तवा समजलं." हसता हसता त्या थांबल्या. "शब्द नाई चुकला. माह्या तोंडून निंघाला तवा बरोबर होता, आक्काच्या कानात गेला तवा वायला झाला, दुसराच. यात छडी कोनाले माराची?"

दुसऱ्या दिवसापासून आक्का सांगत गेल्या आणि ताई लिहीत गेल्या. मधूनमधून ताई म्हणायच्या, आमच्याकडेही बांधीला नाव असतं, आणि आपल्या बापाच्या धानाच्या बांध्यांची नावं सांगायच्या. आक्कांना ती आवडली. दोघी एकमेकींची शेतं ऐकत राहिल्या. पहिल्या वेळी निसटलेली काही नावंही या वेळी आली, असं गुरुजींनी पुढे मला फोनवर सांगितलं. ताई प्रत्येक पान लिहून झालं की दोनदा जतन करायच्या, आणि ते उघडून आक्कांना वाचून दाखवल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत.

परत आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांच्या ईमेल-यादीवर एकच मेल टाकला. मी तो तपासू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या. 'आक्काले जसं समजते तसं आक्काले सांगा. देवरीच्या बायाईले जसं समजते तसं त्याईले सांगा. साईटवर दोन कळा लावा. एक मराठी, एक झाडीबोली. झाडीबोलीचं सारं मी करतो.'

अनिकेतची हरकत खोटी नव्हती. त्याने लिहिलं की मग अहिराणी मागणी करेल, मालवणी करेल, वऱ्हाडी करेल. हे सांभाळायचं कोणी? ताईंनी त्याला फोन लावला.

"मांगू द्या ना त्याईले. मांगाले आले मंजे साईट चालून राहिली."

"आणि उद्या तुम्ही नसाल तेव्हा झाडीबोलीतल्या चुका कोण बघणार?"

"मी कायले नसन?"

ज्या बाईला एका जागी उभं राहणं जमत नव्हतं ती कधी नसेल, ही कल्पनाच करता येत नसे.

निकाल लागला तो महाडिक गुरुजींमुळे. ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच यादीवर लिहिलं की मला झाडीबोलीची कळ हवी आहे. 'आमच्याकडे काम एकतर होत असते किंवा झालेले असते. होता होता टिकून असणारे काम सांगायला आमच्याकडे इतका गोड शब्द नाही. माझा विरोध शब्दाला नव्हता. मला कोणी आधी सांगितले नाही, एवढीच तक्रार होती.' यावर वाद घालायला कुणाची जीभ रेटली नाही. ताईंचा मजकूर पुण्याने मंजूर करायच्या नियमाचं नावही त्यानंतर कोणी काढलं नाही.

पुढचे महिने ताईंनी आम्हाला पळवलं. साइटवरचं एकेक वाक्य झाडीबोलीत आलं. त्या बाजारात उभ्या राहून विचारायच्या, याला तुम्ही काय म्हणता, आणि भाजीवाल्या दोघी आपसात भांडायच्या की दवनीवाड्यात असं म्हणतात, देवरीत तसं. मुद्रितशोधक म्हणून मला काहीच काम उरलं नव्हतं. मी पिशव्या धरायचो. देवरीच्या खोलीत त्या मोहफुलंवाल्या बाईने पुन्हा लिहिलं, कळ दाबली, वाचलं आणि हात पदराला पुसत निवांत उभी राहिली. पान जतन झाल्यावर मगच हलली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी खुशी होती तशी मी पुन्हा फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली. अर्थात बस यायच्या आत त्यांना आणखी तीन दुरुस्त्या सुचल्या होत्या.

त्यानंतर काही वर्षांनी बिसेन सरांचा फोन आला. मी तोवर संगमनेरकडे परत आलो होतो. पोटाचं दुखणं ताईंनी अंगावर काढलं होतं, आणि आता ते हाताबाहेर गेलं होतं. मी नागपूरच्या दवाखान्यात गेलो तेव्हा त्या खाटेवर नव्हत्या. सलाइनचा दांडा एका हाताने ढकलत कॉरिडॉरमध्ये चालत होत्या, मागे नर्स ओरडत होती. निम्म्या झाल्या होत्या. मला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "बरं झालं आले. मदतीच्या पानावर खालून दुसरी ओळ वाचा. कोनालेच समजत नाई थे." मी मोबाइलवर पान उघडलं, त्यांनी ओळ सांगितली, मी लिहिली. मी विचारलं, "ताई, जरा बसू या का?" त्या मानेनेच नाही म्हणाल्या. मग मी डोळे पुसले, तर रागावल्या. महिनाही झाला नाही, आणि सरांचा परत फोन आला. ताई गेल्या, एवढं सांगून झाल्यावरही सरांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.

पंधराएक दिवसांनी अनिकेतचा फोन आला. साइटवर स्वयंसेवकांच्या नावांचं एक पान आहे. त्यात दोन भाग. आज काम करणारे वर, सोडून गेलेले खाली.

"मराठीच्या पानावर त्यांचं नाव मी 'कार्यरत'मधून काढून 'माजी'मध्ये नेलं," तो म्हणाला. "मग झाडीबोलीचं पान उघडलं. तिथे 'कार्यरत'ला ताईंनी काय लिहिलंय, आठवतं?"

मला आठवत होतं.

"'काम करून राहिले.' आणि त्याखाली पहिलंच नाव त्यांचं. हलवायला गेलो, हात चालेना. गोंदियाच्या कानाला ते चूक वाटेल, मला कळतंय. त्या काम करत नाहीयेत आता. पण माझ्या कानाला ते..." तो अडखळला. न्यायाधीशासारखं लिहिणारा हा माणूस, त्याला वाक्य पुरं करता येईना. "काम केलं आणि राहिल्या, असं ऐकू येतं हो मला. तुम्ही मुद्रितशोधक. तुम्ही सांगा, राहू दे का?"

गोंदियाच्या कानाने ती चूक होती, त्यात शंका नाही. मी अनिकेतला म्हटलं, राहू दे. उभ्या जन्मात मी जाणूनबुजून सोडलेली चूक तेवढी एकच.